पिशवीतला दुसरा कागद



परवा जयसिंगपुरात शेजारच्या मावशी गुडघा चोळत बसल्या होत्या. उशाला दवाखान्याची पिशवी. तिच्यात मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांचा कागद, एक्स-रे, आणि तळाशी चार घड्या घातलेला ॲक्युपंक्चरवाल्यांचा कागद. "हा डॉक्टरांना दाखवला का?" म्हटलं. "न्हाई बाबा, रागं भरत्यात."

ॲक्युपंक्चर म्हणजे सुया टोचून करायचा उपचार. ही विद्या चीनची. पण ती आपल्याकडे आली ती आपल्याच माणसांच्या हातून. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले. त्यांतले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्यांचे सोबती डॉ. बसू परतले. पुढे पुन्हा चीनला जाऊन ते ही विद्या शिकले आणि १९५९च्या सुमारास कोलकात्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. आता महाराष्ट्रात त्यासाठी २०१५चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात उपचार करणाऱ्यांच्या नोंदणीची सोय आहे. जाण्याआधी ती नोंदणी विचारावी.

गुण येतो का? ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी हा उपचार देऊ नका, असं सांगितलं. त्याच संस्थेने २०२१ मध्ये, ठोस कारण सापडत नाही अशा जुनाट दुखण्यात त्याचा विचार करायला हरकत नाही, असं म्हटलं. अमेरिकेत ज्येष्ठांची सरकारी विमा योजना २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ वेळचा खर्च देते. म्हणजे आधार आहे तो दुखणं हलकं होण्यापुरता. झिजलेला गुडघा सुईने भरून येत नाही. मधुमेहाची गोळी तिच्या भरवशावर सोडू नये.

सुई असते जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची. तिच्यातून औषध जात नाही. तरी ती सुईच. पाकीट आपल्यासमोर फोडलेलं असावं. छातीवर खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

मावशींनी अखेर तो कागद मिरजेला दाखवला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे सुईवाल्यांना सांगितलंत का?"

सांगितलं नव्हतं. दुसरा कागद तिकडूनही लपलेलाच होता.