शेजारच्या सीटवरचा माणूस

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी माझी ओळख 'आपला रेसर' अशी करून दिली गेली. ऐकायला छान वाटलं, पण गैरसमज नको. माझं सातपूरच्या एमआयडीसीत लहानसं मशीन शॉप आहे आणि पोट त्यावर भरतं. रेसिंगमधून मी चार-दोन करंडकांपलीकडे काही कमावलं नाही. घालवलं किती, ते आमची ही समोरच बसली असल्यामुळे सांगत नाही. संयोजकांनी बारा मिनिटं दिली आहेत, तेवढ्यात जमेल तसं सांगतो.

सुरुवात स्कूटरवर झाली. वडील प्रेसमध्ये होते आणि आमच्या घरी बजाज चेतक होती. तेव्हा पावसाळ्यात स्कूटर रॅली भरायच्या. चिखल, ओढे, शेतातली वाट, आणि त्यातून घरची स्कूटर पळवायची. १९९१ साली वडिलांना न सांगता मी एकीत नाव घातलं. चेतकचं इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे गाडीचा कल कायम उजवीकडे. रस्त्यावर ते जाणवत नाही, चिखलात मात्र हमखास जाणवतं. मी तीनदा पडलो आणि तिन्ही वेळा उजव्या कुशीवर. शेवटून चौथा आलो. घरी येण्याआधी गोदावरीवर नेऊन स्कूटर धुतली, पण वडिलांनी चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि बोटावरची लाल माती मला दाखवली. बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून महिनाभर ते सायकलवर प्रेसमध्ये गेले. हॅंडल वाकडं झालं होतं म्हणून, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

मग नोकरी लागली आणि जुनी यामाहा आरएक्स १०० घेतली. ९८ सीसीची ती गाडी काय चीज होती, हे आपल्या पिढीला सांगायला नको. तिचं मागचं चक्र मोठ्या दातऱ्यांचं केलं, गोट्यांचे टायर चढवले, मडगार्ड वर उचललं आणि डर्ट ट्रॅकवर उतरलो. तिथे पहिल्यांदा कळलं की मातीत वळताना शहाणपण उलटं चालतं. वळणात पुढचा ब्रेक दाबला की तुम्ही जमिनीवर. अंग टाकीवर पुढे आणायचं, आतला पाय पुढे काढायचा आणि मागचं चाक घसरू द्यायचं. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर जास्त लागतं. हे अंगी यायला मला दोन वर्षं आणि एक हासळीचं हाड लागलं. हाड मोडल्यावर आईने आरएक्सची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. ती मला सापडली, पण तेव्हा माझं लग्न ठरत होतं, म्हणून मी ती तिथेच राहू दिली.

यापुढचं सांगायचं की नाही, याचा काल रात्रीपर्यंत विचार करत होतो.

आज सकाळी स्वागतगीताला तबल्यावर बाहेरचा मुलगा होता. शाळेत असताना पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक गॅदरिंगला तबल्यावर कोण असायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. तो का बसला नाही वाजवायला, असं सकाळपासून पाच-सहा जणांनी मला विचारलं. त्याचं उत्तर मीच द्यायला हवं. काल रात्री त्याची परवानगी घेतली आहे. 'सांग, पण लांबण लावू नकोस,' एवढंच म्हणाला.

१९९७ मध्ये मी सेकंडहँड मारुती ८०० घेतली आणि आम्ही दोघं वेळेच्या रॅलीत उतरलो. ही टीएसडी, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांची स्पर्धा. यात सगळ्यांत जोरात जाणारा जिंकत नाही. संयोजक एक सरासरी वेग ठरवून देतात आणि वाटेत कुठे घड्याळ लावून बसलेत ते सांगत नाहीत. तिथे तुम्ही नेमक्या सेकंदाला पोचायचं. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोचलात तर बऱ्याच ठिकाणी त्याहून मोठा दंड. आता ताशी ३६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ६०० मीटर, सेकंदाला १०. तुमच्या गाडीचा मीटर शंभरात दोनाने चुकत असेल, तर दहा किलोमीटरला २०० मीटरची चूक, म्हणजे २० सेकंद. टायरमध्ये हवा कमी-जास्त झाली तरी आकडा हलतो. हे सगळं चालत्या गाडीत, मांडीवर वही ठेवून तो करायचा. लयीचा माणूस. तोंडाने सेकंद मोजायचा तेव्हा डावा हात गुडघ्यावर ठेका धरायचा. मी चुकून पुढे गेलो की ठेका थांबायचा आणि मला न बोलता कळायचं. आम्हाला जे करंडक मिळाले ते बहुतेक याच काळातले, आणि ते त्याचे आहेत. माझ्या घरी आहेत एवढंच.

पण मला वेग हवा होता. २००२ मध्ये जुनी जिप्सी घेतली, आत पोलादी पाइपांचा पिंजरा बसवला आणि आम्ही स्टेज रॅलीकडे वळलो. तिथे बंद केलेल्या कच्च्या रस्त्यावर एकेक गाडी ठराविक अंतराने सोडतात आणि ज्याला कमी वेळ लागेल तो पुढे. चालवणाऱ्याला पुढचं वळण दिसत नाही, ते शेजारचा वाचून सांगतो. आधी हळू चालवत रस्ता बघून घेतात, तेव्हा नोट्स लिहायच्या. प्रत्येक वळणाला आकडा. आमच्या पद्धतीत एक म्हणजे अगदी मंद, सहा म्हणजे जवळपास सरळ. इतर जोड्या इंग्रजीत वाचायच्या, आमच्या वहीत मराठी होतं. 'उजवं पाच, चढावावरून, शंभर, डावं तीन, आवळतंय.' आवळतंय म्हणजे वळण पुढे जाऊन आणखी घट्ट होतं. सर्व्हिसच्या तंबूत आमची वही बघून लोक हसायचे. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर त्याचा आवाज शाळेत बोल म्हणायचा तसा यायचा, सपाट आणि समेवर.

२००४ चा ऑगस्ट. सह्याद्रीतला घाटाखालचा रस्ता, आदल्या रात्री पाऊस. त्या एका डाव्या वळणावरून आदल्या दिवशी आमचा वाद झाला होता. मी म्हणत होतो चार लिही, तो म्हणाला तीन, आवळतंय. त्याने तीन लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिथे आलो तेव्हा त्याने तेच वाचलं, वेळेवर वाचलं, स्पष्ट वाचलं. मी ऐकलं. आणि चारने गेलो.

जिप्सी दोन पलट्या खाऊन भाताच्या बांधावर आडवी झाली. पिंजऱ्याने आम्हाला वाचवलं. मला खरचटलंसुद्धा नाही. त्याचं डावं मनगट दाराच्या आणि पाइपाच्या मध्ये सापडलं. तीन ऑपरेशनं झाली. पेन धरता येतं, पिशवी उचलता येते, पण डग्ग्यावरची घिस्सा त्या हाताने नाही निघत.

हॉस्पिटलच्या जिन्यावर त्याच्या आईने मला थांबवलं. लहानपणापासून मी त्यांच्या घरी जेवलेला मुलगा. मावशी म्हणाल्या, 'आता त्याला बोलावू नकोस रे.' रागावून नाही, विनवून. मी सात वर्षं बोलावलं नाही. फोनही केला नाही. त्याला वाटलं मी गाडीचं नुकसान धरून बसलोय. मला वाटलं तो हाताचं धरून बसलाय.

या काळात मी सर्किटवर गेलो. सरळ सांगतो, एकच सीट असलेली गाडी होती म्हणून गेलो. कोइम्बतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, एस. करिवर्धन यांच्या नावाचा, जेमतेम दोन किलोमीटरचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, तो मोठा. तिथे फॉर्म्युला एलजीबीची गाडी शर्यतीपुरती भाड्याने मिळायची. मातीत शिकलेलं सगळं तिथे विसरावं लागलं. डांबरावर घसरणं म्हणजे वेळ घालवणं. ब्रेक गाडी सरळ असतानाच लावायचा, मग बाहेरून आत, आतून बाहेर. तेच वळण, तीच खूण, पुन्हा पुन्हा, एका फेरीतून दशांश सेकंद काढायला. तांत्रिकदृष्ट्या मी तिथे सगळ्यांत चांगला चालवायला शिकलो. पण हेल्मेटमध्ये आवाज फक्त इंजिनाचा. तीन मोसमांनंतर सोडलं.

ऑक्टोबर २०११ मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिली फॉर्म्युला वन झाली. मी तिकीट काढलं होतं. निघायच्या चार दिवस आधी फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. 'तू जातोयस असं कळलं. एक तिकीट मिळेल का?' ते ३० ऑक्टोबरचं दुपारचं ऊन, समोरून फेटेल पहिल्या फेरीपासून पुढे, नारायण कार्तिकेयनची गाडी आली की उभं राहणारे लोक. आणि शेजारी हा, प्रत्येक फेरीला घड्याळ बघून मला सेकंद सांगत होता. शर्यत संपल्यावर मी म्हणालो, 'ते तीनच होतं.' तो म्हणाला, 'माहितीये.'

पुढे नाशिकला 'रॅली ऑफ महाराष्ट्र' भरली तेव्हा आम्ही स्टेजच्या कडेला उभं राहून इतरांच्या गाड्या पाहिल्या. वळणं आली की त्याचे ओठ हलायचे. २०१४ पासून आम्ही पुन्हा टीएसडीत आहोत, साध्या स्विफ्टमध्ये, हेल्मेट नाही, पिंजरा नाही. मावशींना विचारून. त्यांनी फक्त 'ताशी किती?' विचारलं. मी म्हणालो छत्तीस. 'मग जा,' म्हणाल्या.

पुढच्या महिन्यातही नाव घातलं आहे. ठेका आता उजव्या हाताने धरतो, त्याला वही डाव्या मांडीवर घ्यावी लागते, म्हणून मी डॅशबोर्डला लाकडी फळी करून दिली आहे. मीटरचं कोष्टक जुनंच वापरतो.

आणखी बरंच सांगता आलं असतं, पण तिसऱ्या रांगेतून तो मघापासून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतोय. बारा मिनिटं होऊन गेली म्हणतोय. चाळीस सेकंद उशीर.