पाठीवरच्या पंपाचा वेग आपल्या हातात
(जिल्हा बैठकीत फवारणी पंपाच्या वेगनियंत्रकाविषयी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज भावाबद्दल बोलायचं नाही, कर्जाबद्दलही नाही. आज बोलायचं आहे ते एका छोट्याशा डबीबद्दल. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, वर फिरवायचं बटन. दुकानात तिला स्पीड कंट्रोलर म्हणतात, कुणी नुसतंच रेग्युलेटर म्हणतं. बॅटरीच्या फवारणी पंपाला ती बसवली की मोटरचा वेग कमीजास्त करता येतो. काही पंपांना ती कारखान्यातूनच येते, बाकीच्यांना आपण गावातल्या मिस्त्रीकडून बसवून घेतो. इथेच गडबड होते. म्हणून एवढ्या लहान गोष्टीवर एवढा वेळ मागतो आहोत.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं हे सांगायची गरज नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवा कोंदट, आणि फवारणी करता करता शेकडो माणसं विषबाधेनं दवाखान्यात गेली. वीसहून अधिक दगावली. त्याची कारणं अनेक होती आणि सगळा दोष पंपावर टाकून औषधवाल्यांना मोकळं सोडावं असं आम्हाला अजिबात वाटत नाही. पण जास्त दाबानं उडणाऱ्या बारीक धुक्याची चर्चा तेव्हाही झाली होती, आणि ती खरी होती. दाब वाढला की थेंब बारीक होतो. बारीक थेंब पानावर बसत नाही, हवेत तरंगतो आणि नाकातोंडात जातो. हातपंपाला दाब माणसाच्या दंडाइतकाच यायचा. बॅटरीच्या पंपाला थकवा नाही. तो खटका दाबला की पूर्ण जोरात. त्या जोराला लगाम घालायचा तर ही डबी.

आता ती करते काय? जुन्या पद्धतीच्या रेग्युलेटरमध्ये वीज अडवून धरायची आणि तिची उष्णता करून टाकायची. ही डबी तसं करत नाही. ती मोटरचा पुरवठा एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करते. चालूचा वेळ जास्त ठेवला तर मोटर जोरात, कमी ठेवला तर हळू. त्यामुळे वीज फारशी वाया जात नाही आणि त्याच चार्जिंगवर पंप जास्त वेळ चालतो. घरच्या पंख्याचा रेग्युलेटर इथे चालत नाही. तो घरातल्या विजेसाठी बनवलेला असतो, बॅटरीच्या विजेसाठी नाही. कुणी ‘जमवून देतो’ म्हणालं तर त्याला नमस्कार करा.

विकत घेताना मोटरवरची पट्टी वाचा. आपल्या पंपांची मोटर साधारण १२ व्होल्टची असते आणि चालताना ३-४ अँपिअर घेते. पण सुरू होताना किंवा अडकली की तीच मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. म्हणून ४ अँपिअरच्या मोटरला ५ ची डबी घेऊ नका, १० ची घ्या. दहावीस रुपये वाचवायची जागा ही नव्हे.

जोडणी करताना आधी बॅटरीची वायर सोडवायची, मग बाकी हात लावायचा. बॅटरीच्या लाल टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज. ३-४ अँपिअरच्या मोटरला साडेसात अँपिअरचा पुरे. फ्यूजनंतर मुख्य खटका, खटक्यानंतर डबी. बॅटरीची काळी वायर डबीच्या वजा खुणेवर. आणि मोटरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरी डबीतूनच निघाल्या पाहिजेत. पुष्कळ मिस्त्री इथे चुकतात. काळी-काळी एकच समजून मोटरची काळी थेट बॅटरीला जोडतात. पण या बहुतेक स्वस्त डब्या काळ्या बाजूनंच वीज तोडतात. ती बाजू थेट जोडली की बटन कितीही फिरवा, मोटर पूर्ण जोरातच फिरणार. लाल-काळी उलटी झाली तर डबी तिथल्या तिथे जळते. तेव्हा जोडण्याआधी मीटर लावून बघा. नुसत्या वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका, चार वेळा दुरुस्त झालेल्या पंपात लाल वायर लालच राहिलेली असेल असं नाही.

पंपाच्या डोक्यावर दाबाचा एक छोटा खटका असतो. गन बंद केली की दाब वाढतो आणि तो मोटर बंद करतो. डबी बसवताना ‘याची आता गरज नाही’ म्हणून तो काढून सरळ वायर जोडलेले पंप आम्ही पाहिले आहेत. असा पंप पाठीवर घेऊ नये. गन बंद, मोटर चालू, आणि पाइप फुटला तर औषध जाणार कुठे? मानेवर.

फ्यूजबद्दल लोक हसतात. बारा व्होल्टला शॉक बसत नाही, मग फ्यूज कशाला? शॉक बसत नाही हे खरं. पण याच बॅटरीची दोन टोकं एकमेकांना लागली तर वायर लाल होऊन जळते, आणि ही बॅटरी असते आपल्या कमरेला टेकून. वर औषधाची टाकी, खाली आग, आणि खांद्यावर आवळलेले पट्टे. फ्यूज उडाला तर आधी वायर कुठे सोलली आहे ते शोधायचं. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम चालवायचं नाही. बॅटरी लिथियमची असेल तर तिचाच चार्जर वापरायचा. शिशाची असेल तर हवेशीर जागी चार्ज करायची आणि चार्जिंगच्या वेळी पंपाचा खटका बंद ठेवायचा.

डबी बसवायची ती टाकीच्या बाजूला, औषध सांडणार नाही अशी, आणि वायर खालून वर चढवून आत न्यायची, म्हणजे ओघळ आत जात नाही. आणखी एक गोष्ट, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते: या डबीतला भाग जळतो तेव्हा तो बहुधा ‘चालू’ अवस्थेत अडकतो. बटन शून्यावर, तरी मोटर एकदम पूर्ण जोरात. म्हणून बटन शून्यावर नेणं म्हणजे पंप बंद करणं नव्हे. नोझल साफ करायचं असेल तर मुख्य खटका बंद करायचा, गन दाबून उरलेला दाब सोडायचा, मगच नोझलला हात लावायचा. तोंडानं फुंकायचं तर कधीच नाही.

वेग अगदीच कमी केला तर मोटर गुणगुणते आणि फिरत नाही. तेव्हा ती तापते, डबीही तापते. असं झालं की बटन वाढवायचं. सुरुवात नेहमी जास्त वेगावर करून मग खाली आणायचं.

बटन कुठे ठेवायचं हे औषधाच्या दुकानदाराला विचारू नका, मापाला विचारा. टाकीत साधं पाणी भरा, एक मिनिट बादलीत फवारा आणि मापानं मोजा. समजा मिनिटाला ६०० मिली पडलं. एका मिनिटात आपण ४० मीटर चालतो आणि तीन फुटी तासाचा एक तास भिजवतो, म्हणजे साधारण ३६ चौरस मीटर. एकराला ११२ मिनिटं लागली, पाणी गेलं ६७ लिटर. १६ लिटरच्या चार टाक्या आणि थोडं वर. आता तेच बटन पुढे सरकवून मिनिटाला ९०० मिली केलं, तर १०१ लिटर. सहा टाक्यांच्या वर. आपण औषध टाकतो टाकीच्या हिशेबानं. म्हणजे त्याच एकराला औषध दीडपट गेलं. अळी दीडपट मेली का? बाटलीचे पैसे मात्र दीडपट गेले, आणि मजुराच्या अंगावरही जास्तच आलं. म्हणून मोजून झालं की बटनावर रंगाची खूण करून ठेवा. नोझल झिजलं की धार वाढते, तेव्हा हंगामात दोनतीनदा पुन्हा मोजा.

तणनाशकाला वेग आणखी कमी, नोझलही वेगळं, मोठ्या थेंबाचं. ज्वारीवर टू-फोर-डी मारताना वारा शेजारच्या कपाशीकडे असेल तर बारीक धुकं काय करतं ते ज्यांच्या पऱ्हाटीची पानं आकसून बोटांसारखी झाली त्यांना विचारा. कपाशीला ते औषध अगदी थोडंही सोसत नाही. टाकी धुऊनही अंश राहतो, तेव्हा त्याचा पंप वेगळाच ठेवलेला बरा. भावाभावांत बांधावरून भांडणं आधीच कमी नाहीत.

काही तरुण मुलं बॅटरीवरच्या कोळप्याला असाच वेग लावत आहेत. ती मोटर मोठी, तिची डबी वेगळी, आणि हात सोडला की थांबेल असा खटका त्याला हवाच. त्याबद्दल पुढच्या बैठकीत बोलू.

आता मंडपाच्या मागे टेबलावर दोन पंप उघडून ठेवले आहेत, मीटर आहे आणि लिटरची मापंही आहेत. ज्यांनी आपले पंप आणले आहेत त्यांनी आधी टाकी तीन पाण्यांनी धुऊन आणावी, बॅटरी सुटी करावी, आणि एकेक करून यावं. घरी दुसऱ्याच्या हातून फवारणी होत असेल तर त्या माणसालाही सोबत घेऊन या, बटन त्याच्याच हातात असणार आहे.