गोपनीय अहवाल आणि आपला हक्क



सरकारी कचेरीतील साहेब आज तोंडावर जात क्वचितच काढतो. तो गोपनीय अहवालात एक शेरा लिहितो आणि काही वर्षांनी आपली बढती अडते. शिवीला उत्तर देता येते. जो शेरा दृष्टीसच पडला नाही, त्याला उत्तर कसे देणार?

२००८ साली देव दत्त खटल्यात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्या कर्मचाऱ्याचा शेरा ‘चांगला’ असाच होता. परंतु बढतीस ‘अति चांगला’ हवा होता. न्यायालयाने ठरविले की, लष्कर वगळता प्रत्येक सरकारी नोकरास अहवालातील प्रत्येक नोंद, बरी असो वा वाईट, कळविलीच पाहिजे. न कळविणे हा संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाचा भंग होय. २०१३ साली तीन न्यायमूर्तींनी हाच निर्णय कायम केला.

म्हणून दरवर्षी अहवालाची प्रत लेखी मागा. शेरा अन्यायाचा असेल तर मुदतीच्या आत निवेदन द्या. त्यात साहेबाच्या स्वभावाविषयी एक अक्षरही नको. केलेले काम, तारखा आणि जावक क्रमांक असू द्या. पोच घेतल्याखेरीज कागद हातचा सोडू नका.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपल्या वाडवडिलांनी माणूसमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा घेतली. ती दीक्षाभूमीवर ठेवून कचेरीत मान खाली घालून शिरणे हा धम्म नव्हे. बाबासाहेबांचे संविधान साहेबाच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंस सारखेच लागू आहे.

जय भीम!