कर्जापूर्वी हिशेब
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिवणयंत्र, भाजीची हातगाडी अथवा घरगुती खानावळ यांवर प्रपंच चालविणाऱ्या आपल्या कुटुंबांस मंडळाने अल्प भांडवल कर्जाऊ द्यावे, अशी सूचना आज पुढे आली आहे. तिच्यामागील तळमळ मला मान्य आहे. परंतु निधी उभारण्यापूर्वी एका गोष्टीचा विचार व्हावा, अशी माझी विनंती आहे.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा कायमचा अवर्षणग्रस्त. तेथे म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांनी सहकारी बँक काढण्याचे ठरविले. संस्थापकांत निरक्षर स्त्रिया आहेत, म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. त्या स्त्रिया लिहावाचावयास शिकल्या आणि पुन्हा गेल्या. कोणत्याही रकमेचे व्याज आम्ही तोंडी सांगतो, आपल्या अधिकाऱ्यांनीही यंत्रावाचून सांगून पाहावे, असे त्यांनी तेथे सुनावले! १९९७ साली ती माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे धंद्याचे शिक्षण देणारी शाळाच मोटारगाडीतून गावोगाव फिरू लागली. केवळ पैसे देऊन ती मंडळी थांबली नाहीत, हे मला विशेष वाटते.

याचे कारण हिशेबाने पटेल. समजा, दहा हजार रुपये शेकडा बारा दराने एक वर्षासाठी घेतले आणि ते बारा मासिक हप्त्यांत फेडावयाचे आहेत. व्याज १,२०० रुपये, हप्ता सुमारे ९३३ रुपये. सौदा सरळ दिसतो. परंतु प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल घटत जाते; व्याजाची आकारणी मात्र अखेरपर्यंत पूर्ण दहा हजारांवरच राहते. खरा दर शेकडा साडेएकवीसच्या घरात जातो. बारा आणि साडेएकवीस यांतील अंतरातच हातगाडीवाल्याचा नफा नाहीसा होतो, आणि तो बिचारा दोष ग्राहकाला देत बसतो.

मग पहिला हप्ता भरण्यास दुसरे कर्ज काढावे लागते. आंध्र प्रदेशात हा फेरा इतका वाढला की, कर्जदारांच्या आत्महत्यांनंतर तेथील सरकारने २०१० साली वटहुकूम काढून अशा कंपन्यांच्या वसुलीस आळा घातला.

म्हणून निधीची रक्कम ठरविण्याआधी मंडळाने हिशेबाचा वर्ग सुरू करावा. रोजची विक्री, मालाची खरेदी आणि घरखर्च वेगळे मांडण्याची सवय सहा महिने लागू द्यावी. कर्जाचे नाव त्यानंतर काढावे. सभागृह मिळाल्यास दर शनिवारी सायंकाळी विनावेतन शिकविण्यास मी तयार आहे. येताना प्रत्येकाने एक कोरी वही आणावी, आणि सध्या कर्ज असेल तर त्याच्या हप्त्याची पावतीही आणावी.