शिकण्याचा दिवस खाडा नव्हे
(बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज इथे येण्यासाठी तुमच्यापैकी अनेकींनी खुरपणीचा रोज बुडवलाय. म्हणून मुद्द्याचंच बोलते.

'पगारी रजा' हा शब्द आपल्याला परका. आपल्या ओळखीचा शब्द खाडा. ताप आला, खाडा. पाळीत कंबर धरली, खाडा. आणि दंड अनेकदा दिवसाच्या कमाईपेक्षा जास्त. २०१९ साली शासनाच्या समितीने या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाड्याची धास्ती हे त्यामागचं एक मोठं कारण. जिथे दुखण्याला रजा नाही, तिथे शिकायला कोण देणार, असं तुम्ही म्हणाल. मी म्हणते, दोन्ही एकदमच मागायच्या.

कारण फडात आता यंत्र येतंय. २०२३ साली राज्य शासनाने ऊसतोडणी यंत्राच्या खरेदीला अनुदान जाहीर केलं. यंत्राला चालक लागतो, दुरुस्ती करणारा लागतो. ते शिकायला बाईला कोण पाठवणार? तिच्या हातचा कोयता मात्र जाणार.

'पावसाळ्यात गावी मोकळ्याच असता, तेव्हा शिका,' असं सांगतात. मोकळ्या? गावी आलं की दुसऱ्याच्या रानात निंदणी, खुरपणी. शिकायला गेलं की रोज बुडाला, त्या दिवशी चूल कशावर पेटवायची? बिनपगारी बसणं म्हणजे रजा नव्हे.

ही मागणी जगावेगळी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ सालीच शिक्षणासाठी पगारी रजेचा करार केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. पण आपल्याच देशात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात शिकणाऱ्याला विद्यावेतन मिळतं. मग फडातल्या बाईलाच का नाही?

खरी अडचण हिशेबात आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. तोडायचं दोघांनी, मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या बाईने, पण उचल त्याच्या हातात. बाई कागदावर कामगारच नाही, मग रजा द्यायची कुणाला?

म्हणून आपल्या मागण्या अशा. प्रत्येक बाईची स्वतंत्र नोंद, तिच्या नावाचं ओळखपत्र, तिच्या नावाचा करार. प्रशिक्षणाच्या दिवसांची पूर्ण मजुरी. तो दिवस खाड्यात धरायचा नाही, उचलीत चढवायचा नाही. यंत्राच्या प्रशिक्षणात बायांसाठी राखीव जागा, आणि तिथे पाळणाघर.

पैसा कुठून आणायचा? ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यायचं ठरलेलं आहे. तो ऊस आपणच तोडलेला असतो. त्यातला वाटा बायांच्या शिक्षणाला मागूया.

पुढच्या हंगामाची उचल घरात येण्याआधी मुकादमाला विचारा, नवऱ्यालाही विचारा: माझं नाव कुठे लिहिलंय? एकटीने विचारू नका. तांड्यावरच्या, वस्तीवरच्या सगळ्याजणी मिळून विचारा.