चट्टा अंगावर नसतो तेव्हा

चंद्रपूर-गडचिरोलीकडे एखादी बाई 'पाय बधिर झाला' म्हणाली की आरोग्य कार्यकर्ती आधी अंगावर चट्टा शोधते. बरोबरच आहे. कुष्ठरोग आपल्याकडे अजून आहे. वरोऱ्याचं आनंदवन १९४९ मध्ये उगाच उभं राहिलं नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. चट्टा सापडला नाही, तर त्या बाईचं काय होतं? अशक्तपणाच्या गोळ्या मिळतात, घरचे 'नाटक' म्हणतात आणि शेवटी करणी उतरवणारा येतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार आपल्याकडे विरळाच. उगाच प्रत्येक मुंगीला हे नाव चिकटवू नका. पण ज्यांना होतो त्यांत बायका पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं, आणि तोही बहुधा वीस ते चाळिशीच्या दरम्यान, ऐन कामाच्या आणि बाळंतपणांच्या वयात. एका डोळ्यानं धूसर दिसतं, डोळा हलवला की दुखतो. काही आठवड्यांत निवळतं. काही महिन्यांनी पाय जड होतात, लघवी धरवत नाही. पुन्हा उतार. उन्हानं त्रास तेवढ्यापुरता वाढतो. आता आपला मे महिना आणि तेंदूपत्त्याची तोडणी डोळ्यांसमोर आणा. सकाळी चालणारी बाई दुपारी मटकन बसते, संध्याकाळी गारव्याला उठते. तिला कामचुकार म्हणणं किती सोपं!

विजेच्या वायरीवर असतं तसं मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं. शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदूतलं आणि पाठीच्या कण्यातलं हे वेष्टण कुरतडते. म्हणजे चट्टा असतो, पण आत. एमआरआयमध्ये तो पांढरा दिसतो. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं की ताजा चट्टा उजळतो. मात्र पांढऱ्या डागावरून मायलिन किती उरलं ते नेमकं कळत नाही. त्यासाठी व्हँकुव्हरच्या अॅलेक्स मॅके आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक वाट दाखवली. मायलिनच्या थरांत अडकलेल्या पाण्याचा संकेत लवकर विझतो. तो वेगळा मोजला की वेष्टणाचा अंदाज येतो. ही पद्धत अजून मुख्यतः संशोधनातच वापरतात. आपल्या बाईला साधा एमआरआय आणि तो वाचणारा मेंदूतज्ज्ञ मिळाला तरी पुष्कळ. झटके कमी करणारी औषधं आहेत, ती लवकर सुरू व्हावी लागतात.

पण सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे २०० किलोमीटर, नागपूर त्याच्याही पुढे. सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडते ती वेगळीच. आणि मुळात तिला पाठवायला हवं, हे कुणाच्या तरी मनात यावं लागतं. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायका तपासल्या, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये ते छापून आलं. तिथं यंत्राच्याही आधी विचारपूस कमी पडली होती.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात हा आजार आला आहे. पण आरक्षणासारख्या सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि बाई तपासणीला पोचते ती नेमकी उताराच्या दिवशी! म्हणून प्रत्येक झटक्याची तारीख आणि जुने कागद बरोबर न्या.

फिल्म आणि रिपोर्ट मात्र बाईच्याच पेटीत राहू द्या. 'रोगट पोरगी दिली' म्हणून तिला माहेरी धाडायला हेच कागद काढले जातात. हा रोग संसर्गानं पसरत नाही, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिला मूलही होऊ शकतं, हे नवऱ्याला आणि सासूला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा, तिच्यासमोर.