घडातली शेवटची फणी : भाजलेल्या केळ्यांचे गरम गोड

(आंबिवली परिसरातील शेतकरी बंधू-भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या कल्याण तालुक्यात खरिपात भात हे मुख्य पीक. केळीची मोठी बाग इथे क्वचितच दिसते. पण परसात, विहिरीच्या कडेला, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली चार-सहा केळीची झाडे बऱ्याच घरी असतात. त्यांना खर्च नाही, म्हणून त्यांचा हिशेबही कोणी ठेवत नाही. घड उतरवला की चार-सहा दिवसांत सगळा एकदम पिकतो. एक फणी शेजारी जाते, एक पाहुण्यांना, आणि शेवटची फणी काळी पडून गुरांपुढे. आज मला या शेवटच्या फणीबद्दल बोलायचे आहे. भाजून गोड करायला तीच सर्वांत चांगली असते.

असे का, ते आधी समजून घेऊ. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण २० टक्के पिष्ट असते आणि साखर अगदी थोडी. पिकताना हे प्रमाण उलटते. पिष्ट एक-दोन टक्के उरते आणि साखर २० टक्क्यांच्या आसपास जाते. सालीवर तपकिरी ठिपके दिसू लागले की फळ पूर्ण गोड झाले असे समजावे. पिकणारे केळे इथिलीन वायू सोडते आणि त्याने शेजारची फळेही लवकर पिकतात. म्हणून घड टिकवायचा असेल तर पिकलेली केळी लगेच काढून वेगळी ठेवावीत. फ्रीजमध्ये ठेवणे हा उपाय नव्हे. साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याला थंडी बाधते. साल काळी पडते आणि कच्चे फळ नीट पिकत नाही.

आता जातीची निवड. भाजण्यासाठी राजेळी उत्तम. तिचा गर घट्ट असल्याने तो उष्णतेने विरघळत नाही. वसईची सुकेळी याच जातीची करतात. राजेळी मात्र पूर्ण पिकू द्यावी, नाहीतर ती तुरट लागते. वेलची केळीही चांगली. बसराई किंवा ग्रँड नैन असेल तर फार पिकलेले न घेता नुकतेच पिवळे झालेले फळ घ्यावे. त्याचा गर मऊ असतो.

फळ आपण सालीसकट भाजणार आहोत, म्हणून ते कसे पिकवले याला महत्त्व आहे. कॅल्शियम कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश असू शकतात. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार त्याने फळे पिकवण्यास बंदी आहे. आपल्याकडे भाताचा पेंढा भरपूर आहे. पेंढ्यात आढी घातलेला घड आपोआप, एकसारखा पिकतो.

चार माणसांसाठी साहित्य असे घ्यावे : राजेळी केळी ३ किंवा वेलची केळी ८, अर्धा ओला नारळ, किसलेला गूळ अर्धी वाटी, तांदळाची पिठी १ चमचा, साजूक तूप २ चमचे, वेलदोडे ३, चिमूटभर मीठ.

प्रथम नारळ वाटून, अर्धी वाटी कोमट पाणी घालून जाड रस काढून ठेवावा. त्याच चोथ्यात आणखी एक वाटी पाणी घालून पातळ रस काढावा. पातळ रसात गूळ, मीठ व पिठी कालवून मंद आचेवर ढवळावे. दोन-तीन मिनिटे उकळी आली की भांडे उतरवावे, आणि मगच जाड रस व वेलदोड्याची पूड घालावी. जाड रस गुळाबरोबर उकळला तर तो फुटतो, म्हणून हा क्रम बदलू नये.

केळी धुऊन पुसावीत आणि सालीला लांबीत एक चीर द्यावी. वाफ कोंडून फळ फुटत नाही. चुलीतील जाळ बसून निखाऱ्यांवर राख धरली की त्यावर केळी ठेवावीत. जाळावर ठेवल्यास साल जळते आणि आतला गर कच्चा राहतो. दर दोन-तीन मिनिटांनी फिरवावीत. राजेळीला १० ते १२ मिनिटे, वेलचीला ५ ते ६ मिनिटे पुरतात. गॅसवर करायचे तर जाड लोखंडी तवा घेऊन, झाकण ठेवून मंद आचेवर याहून थोडा जास्त वेळ द्यावा. साल पूर्ण काळी झाली आणि चिरेतून रस बुडबुडू लागला की केळे तयार झाले.

चुलीत घालायच्या लाकडाकडे लक्ष असू द्या. रंग दिलेल्या फळ्या, कारखान्यातील खोक्यांची लाकडे, प्लायवूडचे तुकडे यांच्या धुरात घातक द्रव्ये असतात. त्यावर कोणताही पदार्थ भाजू नये.

गरम केळ्याची साल सोलावी, दोन तुकडे करावेत, वर तूप सोडून कोमट रस ओतावा आणि लगेच वाढावे. पावसाळ्यात, लावणीहून भिजून आलेल्या माणसाला यासारखे दुसरे गोड नाही. मात्र घरात मधुमेहाचे रुग्ण असतील तर त्यांना हा पदार्थ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावा. पिकलेले केळे आणि गूळ या दोन्हींची साखर रक्तात लवकर उतरते.

काही भगिनी विचारतील, हे विकता येईल का? शेतावर पाहुणे येत असतील तर जरूर येईल, कारण हा पदार्थ समोर भाजून गरमच द्यायचा असतो. विक्री करायची झाल्यास अन्नसुरक्षा कायदा २००६ खालील नोंदणी आधी करून घ्यावी. तोपर्यंत निदान एवढे करा : पुढचा घड उतरवाल त्या दिवशी फण्या मोजा, किती घरात खाल्ल्या, किती दिल्या आणि किती टाकल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तीन-चार घडांनंतर टाकलेल्या फण्यांचा आकडा पाहा. परसातल्या केळीला खत घालावे की नाही, जुनी झाडे काढून राजेळीचे मुनवे लावावेत की नाही, याचे उत्तर तुम्हाला त्या आकड्यातच मिळेल.